सात नंबरचा हुंकार

माणूस लिफ्टमध्ये अडकला की पहिली दोन मिनिटं तो दिसेल ते बटण दाबत सुटतो. वरचं, खालचं, पंख्याचं, आणि दार बंद असताना दार बंद करायचंसुद्धा. मग कधीतरी त्याला ते लाल बटण दिसतं, जे इतकी वर्षं त्याच्या नाकासमोरच असतं. ते दाबलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्ट कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत दिवा लागतो आणि हेडफोन लावून बसलेलं कुणीतरी फोन घेतं. कारागीर पोचेपर्यंत अडकलेल्या जिवाला सोबत करायची, एवढंच त्या खोलीचं काम. खोलीत बारा टेबलं, बारा माणसं.

या बारा जणांचं बोलणं तपासायला कंपनीनं चार महिन्यांपूर्वी एक बाई नेमली. ती चौथ्या मजल्यावर काचेच्या एका खोक्यात बसे. तिला खोली म्हणायचं ते केवळ दार होतं म्हणून. दर महिन्याला प्रत्येकाचे चार फोन ऐकायचे, तक्त्यात गुण भरायचे आणि सही करून तक्ते साहेबांकडे पाठवायचे. खालच्यांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. पाठीमागे ठेवलेलं नाव तिच्या कानावर तिसऱ्याच दिवशी आलं, कारण कान हाच तिचा धंदा होता. तिला राग आला नाही. मोजपट्टी सरळ असते, आणि सरळ असणं हा काही गुन्हा नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तक्ता तिनं स्वतः बनवला होता. चौदा रकाने. नमस्कार केला का? स्वतःचं नाव सांगितलं का? ‘तुमची अडचण मी समजू शकतो’ हे वाक्य निदान दोनदा म्हटलं का? ‘काळजी करू नका’ म्हटलं का? कारागीर किती मिनिटांत येईल ते सांगितलं का? आणि सगळ्यात जड रकाना, पाच सेकंदांहून जास्त शांतता पडू दिली का? प्रत्येक शांततेला दोन गुण वजा. शंभरात चाळीसच्या खाली गेला तो नापास, आणि सलग तीन महिने नापास झाला त्याचा फोन काढून घ्यायचा. हा शेवटचा नियम साहेबांचा होता, पण तिला तो पटला होता.

पहिल्या महिन्यात तिच्या कानांचे हाल झाले. कुणी फोनवर चहाचे घुटके घेई, कुणी घसा खाकरे, तीन नंबरची मुलगी वाक्यागणिक नाक ओढी, आणि एक गृहस्थ तर अडकलेल्या माणसाला धीर देता देता शेंगदाणे खात. संध्याकाळी घरी गेल्यावरही ते शेंगदाणे तिच्या डोक्यात कुडुमकुडुम वाजत. शेवटी तिनं संगणकवाल्या तरुणाला गाठलं आणि म्हणाली, “या आवाजांची जरा सफाई होईल का?” त्यानं दहा मिनिटांत काम केलं. जो शब्द नाही तो आवाज नाही, असं यंत्राला शिकवून टाकलं. तेव्हापासून तिच्याकडे येणारे फोन धुऊन, इस्त्री करून आल्यासारखे येऊ लागले. मोजपट्टी खूश झाली. त्या तरुणाला तिनं स्वतःच्या हातानं चहा नेऊन दिला.

आणि त्याच महिन्यापासून सात नंबरचे काका नापास होऊ लागले.

काका त्या टेबलावर एकोणीस वर्षं बसत होते. तिनं त्यांचा पहिला फोन लावला. “नमस्कार. बोला,” एवढं ते म्हणाले, आणि पुढे अकरा मिनिटं चिडीचूप. पलीकडचा माणूस एकटाच बोलतोय. आधी दाराबद्दल बोलला, मग उशीर होतोय त्याबद्दल, मग आपल्या मेहुण्याबद्दल, मग मेहुण्याचं सोडून स्वतःच्या स्वभावाबद्दल. भिंतीशी बोलावं तसा बोलत होता बिचारा, आणि काका गप्प. शेवटी कारागीर आला, दार उघडलं, तेव्हा तो माणूस म्हणाला, “काका, तुमचे फार फार आभार. तुम्ही होतात म्हणून निभावलं.” इतका गोड टोमणा मोजपट्टीनं आयुष्यात ऐकला नव्हता. तिनं शेऱ्यात लिहिलं, ‘ग्राहक उपरोधानं बोलला,’ आणि एकतीस गुण दिले. बाकीचे तिन्ही फोन तसेच. सगळे आपले एकटे बोलतात आणि जाताना काकांना टोमणा मारून जातात.

नियमाप्रमाणे तिनं काकांना चौथ्या मजल्यावर बोलावून समज दिली. काका ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, खिशात दोन पेनं. समोर बसले, हात मांडीवर ठेवून. ती चांगली पंचवीस मिनिटं बोलली. ऐकणं म्हणजे काय, समोरच्याला आपण ऐकतोय हे कळलं पाहिजे, शांततेनं माणूस कसा खचतो, हे सगळं तिनं उदाहरणं देऊन सांगितलं. उदाहरणांच्या ओघात लेकीचा विषय निघाला. लेक शिकायला परगावी गेली होती आणि फोन करायची तो दीड मिनिटाचा. ‘बरी आहे, जेवले, ठेवते.’ घर कसं खायला उठतं, याचं एक उदाहरण दिलं, मग दुसरं. काका मान हलवत होते. शेवटी तिनं कागद पुढे केला, त्यांनी सही केली आणि गेले. त्या दिवशी मोजपट्टीला फार हलकं वाटलं. समज चांगली देता आली की असं वाटत असावं, असा तिनं अर्थ लावला.

दुसऱ्या महिन्यात काकांना अठ्ठावीस गुण पडले, तिसऱ्यात सव्वीस.

तिसरा तक्ता साहेबांकडे गेला तसा हुकूम आला. शुक्रवारपासून सात नंबरचे काका तळघरातल्या कोठारात. कोठारात लिफ्टच्या दोऱ्या, कप्प्या, स्प्रिंगा आणि बटणांची खोकी असत, आणि त्यांतलं कुणीच बोलत नसे. फक्त एक सही राहिली होती. तक्ता संबंधिताला समोरासमोर दाखवून त्याची सही घ्यायची, असा नियम होता, आणि तो नियम मोजपट्टीनंच घातला होता. मंगळवारी सकाळी तक्ता घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर उतरली. चार महिन्यांत त्या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

खोलीत बाराजण एकदम बोलत असल्यामुळे बाजार भरल्यासारखं वाटत होतं. काकांच्या टेबलावर दिवा लागलेला. ते फोनवर होते. तिला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. ती बसली. तक्ता मांडीवर उलटा ठेवला.

“हं,” काका म्हणाले.

थोड्या वेळानं, “हं हं.”

मग जरा लांबवून, खालून वर नेत, “हंऽऽ?”

मोजपट्टीनं कान टवकारले. टेबलावर दुसरा हेडफोन पडला होता, नव्या माणसाला शिकवण्यासाठी ठेवतात तसा. तिनं तो उचलून कानाला लावला.

पलीकडे एक मुलगी होती. नकाशे काढायच्या कुठल्याशा कचेरीत मुलाखतीला निघालेली आणि सहाव्या-सातव्या मजल्यांच्या मधोमध लटकलेली. मुलाखत नवव्या मजल्यावर, वीस मिनिटांत. आवाज रडवेला झाला होता. रडता रडता ती काय करत होती, तर मुलाखतीची उत्तरं म्हणून दाखवत होती.

“मग ते विचारणार, तुमचा एक दोष सांगा,” ती म्हणाली. “मी सांगणार, मी जरा जास्तच मेहनती आहे.”

“हंऽऽ?” काका म्हणाले.

पलीकडे शांतता. मोजपट्टीनं सवयीनं मनात सेकंद मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. दोन गुण तरी गेलेच, असा विचार येतो न येतो तोच मुलगी हसली.

“नाही ना काका? खोटं वाटतं ना ते? सगळेच तेच सांगत असणार. मग खरं सांगू का? मला ना, चूक कबूल करायला फार वेळ लागतो. आधी मी दुसऱ्यांवर ढकलते. मग कळतं. मग दोन दिवस तोंड लपवते. पण मग जाऊन सांगते हं, सांगते मी.”

“हं!” हा हं ठाम होता, टेबलावर हात ठेवावा तसा.

“हेच सांगू?”

“हं.”

“बरं. हेच सांगते.” तिच्या आवाजातलं रडू कुठल्या कुठे पळालं होतं. मग घर्रर्र असा आवाज झाला आणि ती किंचाळली, “हललं! काका, हललं! जाते हं मी! तुमचे फार फार आभार!”

आणि तो टोमणा नव्हता. लहान पोरालाही कळलं असतं की तो टोमणा नव्हता.

काकांनी हेडफोन काढला, रुमालानं कान पुसले आणि तिच्याकडे वळले. “बोला मॅडम.”

मोजपट्टीच्या हातात तक्ता होता, तक्त्यात सव्वीस गुण होते, आणि सही करायची जागा मोकळी होती. “काही नाही,” ती म्हणाली. “खोली बघायला आले होते.” जाता जाता तिनं तीन नंबरच्या मुलीला हळूच विचारलं, “हे काका नेहमीच असं… हं हं करतात?”

“हुंकारकाका?” मुलीनं नाक ओढलं. “नेहमीच. फार घाबरलेलं माणूस असलं ना मॅडम, की आम्ही फोन त्यांच्याकडेच वळवतो. आम्ही ‘काळजी करू नका’ म्हटलं की लोक जास्तच ओरडतात.”

मोजपट्टी जिना चढून वर गेली ती धापा टाकतच. तिनं काकांचे मागच्या महिन्यातले फोन लावले. चिडीचूप. मग संगणकवाल्या तरुणाला बोलावून सांगितलं, “सफाई काढ. मूळ आवाज लाव.” त्यानं कुठलंसं एक बटण दाबलं.

आणि ती शांतता बोलायला लागली. जिथे जिथे तिनं दोन गुण वजा केले होते, तिथे तिथे एक हं होता. कधी ‘पुढे?’ म्हणणारा, कधी ‘अरेरे’ म्हणणारा, कधी ‘असं होतं खरं’ म्हणणारा. एका फोनमध्ये तर लागोपाठ तीन बारके हं होते, मुलाची पाठ थोपटावी तसे, कारण पलीकडची म्हातारी रडत होती. मोजपट्टीनं हीच म्हातारी पूर्वी ऐकली होती. तेव्हा ती रडत नव्हती. यंत्रानं तिचं रडणंही शेंगदाण्यांबरोबर पुसून टाकलं होतं. तीन महिने ती अडकलेल्या माणसांचे फोन ऐकत होती आणि त्यांतलं एकही माणूस तिच्या कानाला रडलं नव्हतं. हे आपल्याला विचित्र कसं वाटलं नाही, असं तिनं स्वतःलाच विचारलं.

“मॅडम, पुन्हा सफाई लावू?” तरुणानं विचारलं.

“हात लावशील तर बघ,” ती म्हणाली.

तिचा नवरा दातांचा डॉक्टर. स्वभावानं बडबड्या, आणि धंदा असा की समोरच्याचं तोंड उघडं पण बोलायची सोय नाही. त्यामुळे त्याच्या गप्पांना दिवसभर कुणी आडवं येत नसे. रात्रीच्या जेवणाला तिनं त्याला सगळं सांगितलं.

“अहो, मी त्या माणसाला नापास केलं. तो बोलत होता आणि मी म्हणत होते बोलत नाही.”

“अगं, माझे पेशंट काय बोलतात? आं. एवढंच बोलतात,” डॉक्टर म्हणाला. “एक आं म्हणजे दुखतंय. एक आं म्हणजे दुखत नाही पण दुखेल अशी भीती वाटतेय. एक आं म्हणजे डॉक्टर, तुमची बडबड थांबवा. तिन्ही वेगळे.”

“आणि तुम्हाला कळतात?”

“पहिले दोन कळतात.”

मोजपट्टी आज बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली. पण अडचण साधी नव्हती. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती, दोन महिने बाकी होते, आणि चूक कबूल करायची म्हणजे एकट्या काकांचा तक्ता फाडून भागणार नव्हतं. बाराजणांचे तीन महिन्यांचे सगळे तक्ते खोटे ठरत होते. कुणी सांगावं, साहेब काकांना वर ठेवतील आणि हिलाच तळघर दाखवतील. नुसती सही घेतली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार तिच्या मनात आला, हे इथे सांगितलंच पाहिजे. तो साधारण अर्धी पोळी संपेपर्यंत टिकला.

बुधवारी ती पुन्हा खाली गेली. काकांच्या चहाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. सफाई, शेंगदाणे, तक्ता, शुक्रवार. काका ऐकत होते आणि अधूनमधून हं म्हणत होते. आता तिला ते ऐकू येत होते. त्यामुळे बोलणं सोपं जात होतं आणि लाज जास्त वाटत होती.

“पण काका,” ती शेवटी म्हणाली, “मी तुम्हाला वर बोलावून पंचवीस मिनिटं समज दिली. ऐकायचं कसं ते शिकवलं! तुम्ही एका शब्दानं म्हणाला नाहीत की बाई, तुमची चूक होतेय.”

काकांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. ते बोलायला लागले तेव्हा तिला जरा नवलच वाटलं, कारण त्यांची सलग वाक्यं तिनं कधी ऐकलीच नव्हती.

“म्हणणार होतो मॅडम. तयारी करून आलो होतो. पण तुम्ही बोलायला लागलात आणि माझ्या लक्षात आलं, हा आवाज मला माहितीये. रोज ऐकतो मी. लिफ्टमधला आवाज आहे हा. मग मुलीचं बोलायला लागलात, तेव्हा तर खात्रीच पटली. म्हटलं, माझं काय, मी नंतर सांगेन. अडकलेल्या माणसाला मधे तोडत नाहीत.”

त्या दिवशी आपल्याला हलकं का वाटलं होतं, ते मोजपट्टीला आत्ता उमगलं, दोन महिने उशिरा. या माणसानं तिचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि तिनं त्याला नापास केलं होतं.

“मी उद्या साहेबांशी बोलते,” ती म्हणाली.

“हं,” काका म्हणाले. हा हं तिला नीट लागला नाही. ‘बरं होईल’ असा होता की ‘कठीण आहे’ असा, ते कळेना.

गुरुवारी दुपारी ती पाचव्या मजल्यावर साहेबांच्या दारात उभी होती. साहेब म्हणजे धिप्पाड, तालेवार माणूस. लिफ्ट कंपनीचे प्रमुख असूनही ते रोज पाचही मजले जिन्यानं चढत, आणि सगळी कचेरी त्यांच्या तब्येतीच्या काळजीचं कौतुक करी. तिच्या हातात एक कागद होता. कागदावर चौदा मुद्दे, क्रमांक घालून. मोजपट्टीच ती, चौदाच निघणार.

“साहेब, माझी एक चूक झालीये,” तिनं सुरुवात केली. थोडक्यात सांगितलं, मूळ आवाजातला एक फोन लावून दाखवला. म्हातारीचा. साहेबांनी तो पेन टिचकवत ऐकला.

“पण बाई, या गृहस्थांनी यात सांगितलं काय? काहीच नाही!” साहेब म्हणाले. “नुसतं हं हं. ते तर कुणीही करेल. आपण एवढा तक्ता केला, नियम केले, वरच्या लोकांना दाखवले. ते आता बदलायचे? एका हंसाठी?”

मोजपट्टीनं पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. मग तिनं साहेबांकडे नीट पाहिलं. ते रागावले नव्हते. पेन टिचकवण्याचा वेग वाढला होता आणि नजर दाराकडे जाऊन येत होती. आवाज वरच्या पट्टीत गेला होता. तिनं कागदाची घडी केली.

“हं,” ती म्हणाली.

साहेब थांबले. कुणीतरी आपलं म्हणणं खोडणार म्हणून ते तयारीत बसले होते, आणि खोडायला कुणी येईना.

“नाही, म्हणजे,” ते म्हणाले, “नियम म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, ते मलाही कळतं.”

“हं.”

“आणि ते ‘तुमची अडचण मी समजू शकतो’ वगैरे… ते वाक्य मला स्वतःला फारसं आवडत नाही.”

“हंऽऽ?”

हा हं कुठून आला ते मोजपट्टीला सांगता आलं नसतं. तो खालून वर गेला, तंतोतंत. साहेबांनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावून घेतलं. पुन्हा बसले आणि आवाज बारीक करून म्हणाले, “बाई, हे या खोलीबाहेर जाता कामा नये.”

मग साहेबांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, नव्यानं प्रमुख झाल्यावर पंधरा दिवसांतच, ते याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकले होते. सुट्टीच्या दिवशी, एकटे, चाळीस मिनिटं. आपल्याच कंपनीचं लाल बटण दाबलं. लाजेनं नाव सांगितलं नाही. खाली कुणीतरी मुलगा होता, नंतर नोकरी सोडून गेलेला, त्यानं तीच वाक्यं म्हटली. काळजी करू नका. तुमची अडचण मी समजू शकतो. साहेबांनी सांगितलं, मला घाम फुटलाय. तो म्हणाला, काळजी करू नका. साहेबांनी सांगितलं, माझी छाती धडधडतेय. तो म्हणाला, कारागीर बारा मिनिटांत येईल.

“मला त्याच्याकडून काही नको होतं हो,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते आणि ते लपवायची त्यांना आठवण राहिली नव्हती. “कुणीतरी पलीकडे आहे, एवढंच पाहिजे होतं. तो बोलत होता, पण पलीकडे कुणी नव्हतं. शेवटी मी दाराला लाथा घातल्या. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. तब्येत कसली आलीये, गुडघ्यांची पार वाट लागलीये माझ्या.”

मोजपट्टीला हसूही येत होतं आणि गलबलूनही येत होतं. तिनं दोन्ही आवरलं. “हं,” ती म्हणाली, अगदी हळू.

त्यानंतर साहेब एकटेच बोलत राहिले. तक्त्यातली शांतता कशी मोजायची, रकाने किती कमी करायचे, ती सफाई तर ताबडतोब बंदच, आणि सात नंबरच्या काकांना कोठारात पाठवायची कल्पना मुळात कुणाची होती. ती आपलीच होती हे आठवल्यावर ते किंचित अडखळले, तेवढ्यात मोजपट्टीनं एक हं पुढे केला आणि ते अलगद पुढे गेले. नव्या माणसांना पहिला महिना काकांच्या शेजारी बसवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. बाराही जणांचे तीन महिन्यांचे फोन पुन्हा, मूळ आवाजात ऐकायचे, खोकल्या-शिंकांसकट, आणि ते मोजपट्टीनं ऐकायचे. ही शिक्षा होती की काम, ते साहेबांनी स्पष्ट केलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

शेवटी साहेबांनी हुकूम मागवून घेतला, त्याचे दोन तुकडे केले आणि उठून तिला दारापर्यंत सोडायला आले.

“बाई,” ते मनापासून म्हणाले, “फार छान समजावून सांगितलंत तुम्ही.”

मोजपट्टी तीन मजले धावतच उतरली. काकांना सांगायचं वाक्य तिनं पहिल्याच पायरीवर तयार केलं होतं: काका, तुमचा फोन कुठेही जात नाही. खोलीत शिरली तर सात नंबरचा दिवा लागलेला. काका डोळे मिटून ऐकत होते. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. चाहूल लागून त्यांनी डोळे उघडले. आज गुरुवार होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण फोनकडचं लक्ष काही काढलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. तीन महिन्यांत त्यांना स्वतःसाठी एकदाही भीती वाटली नसेल असं धरून चाललेली मोजपट्टी तो घाम बघून हलली.

वाक्य तोंडात तयार होतं. पण पलीकडे कुणीतरी अडकलं होतं, आणि अडकलेल्या माणसाला मधे तोडत नाहीत.

“हं,” ती म्हणाली.

काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा गोल चेहरा हळूहळू आणखी गोल झाला. त्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, शेजारची खुर्ची पायानं तिच्याकडे सरकवली आणि दुसरा हेडफोन तिच्या हातात दिला. पलीकडे चौदाव्या मजल्याखाली लटकलेले एक आजोबा आपल्या तरुणपणच्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल सांगत होते, आणि कारागिराला यायला अजून बराच वेळ होता.